‘वीज’ आणि तिची जोडसाधनं

माघ उतरणीला लागला की निपाणीकडून येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना एक वास असतो. त्यांना तो कळत नाही, मला कळतो. बेळगावात राहून मला चाळीस वर्षं होऊन गेली. तरी बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर एखादी बाई शेजारी येऊन बसते, पदर सावरते, आणि तो वास निघतो. शेतात उन्हाखाली पसरलेल्या तंबाखूचा. थोडा गोडसर, थोडा उग्र, नाकातून थेट घशात उतरणारा. मी तिला विचारते, निपाणीच्या का तुम्ही? ती चकित होते.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात माझी नात पुण्याहून आली होती. सोफ्यावर आडवी पडून ती मोबाइलवर खेळत होती. पडद्यावरच्या बाईच्या हातात पुढल्या शतकातली एक आखूड मशीनगन होती, निळा उजेड सोडणारी. नात तिला निरनिराळे भाग जोडत होती. हे लावलं की धुरातून दिसतं, हे लावलं की आवाज होत नाही, असं ती मला समजावून सांगत होती. मी चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. तुला कळतंय का काही, असं तिनं हसून विचारलं. मला कळत होतं. अशी एक बंदूक माझ्या ओळखीची होती. तिच्या प्रत्येक सुट्या भागाचं वर्णन मीच लिहिलं होतं, शाईच्या पेनानं, बऱ्या अक्षरात.

त्या साली मी वीस वर्षांची होते, निपाणीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वडील मी लहान असतानाच गेले होते. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. थोरला भाऊ दिनकर, म्हणजे माझा अण्णा, बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात होता. आधी लेथवर, मग पॉवर प्रेसवर. महिन्यातून एका रविवारी घरी यायचा, तेव्हा त्याच्या नखांत काळं तेल असायचं आणि बोटांना रॉकेलचा वास. आई म्हणायची, दोन पोरं दोन वासांची, एक तेलाचं, एक तंबाखूचं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात प्रेस मशीननं त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. अंगठा तेवढा राहिला.

झालं ते असं. पत्र्याची झाकणं कापायचं काम होतं. त्या मशीनला पुढून जाळीचा गार्ड असतो. साचा खाली यायच्या आधी तो पडतो आणि हात आत राहू देत नाही. गार्ड असला की काम सावकाश होतं. माल त्याच दिवशी जायचा होता, म्हणून सकाळीच तो गार्ड पाना लावून काढण्यात आला. काढला यल्लाप्पा मेस्त्रींनी. पिरनवाडीचे हे मेस्त्री अण्णाचे गुरू. लेथवर त्याला उभं करणारे, सुताभराच्या फरकासाठी त्याच्या डोक्यात टपली मारणारे, आणि दुपारी आपल्या डब्यातली भाकरी त्याला देणारे. अण्णानं त्यांना विचारलंही होतं, की मेस्त्री, गार्डाशिवाय कसं? दुपारपर्यंत बस, मग लावू, असं ते म्हणाले. दुपार व्हायच्या आत ते घडलं. आणि संध्याकाळी कारखान्याच्या वहीत नोंद झाली, की कामगारानं स्वतःच्या मर्जीनं गार्ड काढला. खाली साक्षीदार म्हणून मेस्त्रींची सही होती.

अण्णाला घरी आणला तेव्हा हंगाम भरात होता. आमच्या गल्लीपासून पाच मिनिटं चाललं की शेतं लागायची. बुंध्याशी कापलेली झाडं सरीतच पालथी घातलेली असायची, हिरव्याची पिवळी आणि पिवळ्याची तपकिरी होत जाणारी. सकाळी दवानं पान मऊ पडायचं, बायका ते उलथून ठेवायच्या. ऊन चढलं की सगळं रान करकर वाजायचं. वखारींतून बडवण्याचा आवाज दिवसभर यायचा आणि तंबाखूचा खकाणा उडायचा, बारीक, पिवळट. तो पाण्याच्या घागरीवर बसायचा, वाळत घातलेल्या लुगड्यावर बसायचा. आई परत यायची तेव्हा तिच्या भुवया पिवळ्या असायच्या. ती आधी दारातच शिंकून घ्यायची, मग आत यायची. त्या शिंकांवरून गल्लीला वेळ कळायची.

मला अजून त्या दिवसांतलं ऊन आठवतं. खिडकीतून आत आलेली त्याची पट्टी, त्यात तरंगणारी तंबाखूची धूळ, आणि त्या उन्हात बँडेज बांधलेला हात उताणा ठेवून बसलेला अण्णा. तो हाताकडं बघायचा नाही. बोटं अजून खाजतात म्हणायचा. नसलेली बोटं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या हाताला वळण लावा, रोज एक पान लिहा. मी दोनशे पानी वही आणली आणि वर अ, आ घालून दिलं. त्यानं ती बाजूला सारली. सव्वीस वर्षांचा माणूस पुन्हा बिगरीत बसायला तयार नव्हता. दोन दिवस वही तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पहिल्या पानावर एक चित्र होतं. रेघा थरथरलेल्या, तरी मापं बरोबर. आखूड नळी, तिला भोकं, खाली मूठ. मी विचारलं, हे काय? स्टेनगन, म्हणाला.

अपघातानंतर तो बेळगावच्या दवाखान्यात होता, तेव्हा खिडकीतून त्याला लष्कराच्या कॅम्पाकडं जाणारा रस्ता दिसायचा. सकाळी जवान जायचे. काहींच्या खांद्याला तसल्या आखूड बंदुका असायच्या. पडल्या पडल्या त्या बघून अण्णाच्या मनात आलं होतं, की कुणीतरी घाईत उरकलेलं काम आहे हे, यात कारागिरी नाही. आपण याहून बरी काढू. कागदावर का होईना. आजची नको, आणखी सत्तर वर्षांनी लागेल अशी.

अशी ‘वीज’ जन्माला आली. नाव मी दिलं. गोळीच्या जागी तिच्यातून उजेडाचा ठिपका सुटायचा, हे अण्णाचं. मला त्यातलं विज्ञान कळत नव्हतं आणि त्यालाही फारसं कळत नसावं, पण रेघ मारताना तो पुन्हा पहिल्यासारखा ओठ चावायला लागला होता, आणि तेवढं आम्हा दोघी मायलेकींना पुरेसं होतं. आई त्या चित्रांकडं बघून म्हणाली, पंप हाय व्हय ह्यो? अण्णा हसला. अपघातानंतर पहिल्यांदा.

मूळ बंदूक चार दिवसांत संपली. मग जोडण्या सुरू झाल्या. अण्णा त्यांना अटॅचमेंट म्हणायचा. लेथला निमुळतं कातायचं वेगळं अटॅचमेंट जोडतात, तसं. मी त्याचं मराठी केलं, जोडसाधन. तो चित्र काढायचा, सांगायचा, आणि समोरच्या पानावर मी लिहायची, कारण त्याच्या डाव्या हातून रेघ उमटत होती पण अक्षर फुटत नव्हतं.

जोडसाधन क्रमांक एक, मनगटपट्टा. हा असला की बोटं नसलेल्या माणसालाही वीज धरता येते. पट्टा कोपरापर्यंत जातो. कोपर वळलं की चाप ओढला जातो. क्रमांक दोन, धुळीतून बघणारी दुर्बीण. ही आईच्या लाल डोळ्यांवरून सुचली. तिच्या भिंगावर एसटीच्या काचेला असतो तसला छोटा वायपर होता. क्रमांक तीन, थंडाव्याचा कोट. लेथवर कातताना जे दुधासारखं पाणी सोडतात, ते नळीभोवती फिरत राहणार, म्हणजे वीज तापणार नाही. आम्ही दोघं दुपारभर हेच करत बसायचो. माझी परीक्षा जवळ आली होती, इतिहासाची टिपणं कोपऱ्यात पडली होती, आणि मी मन लावून लिहीत होते, की कोटातलं पाणी दर बारा तासांनी बदलावे.

आता वाटतं, ते दिवस आम्ही बहीणभावांनी एकत्र घालवलेले सगळ्यांत लांब दिवस होते. लहानपणी तो कामाला जायचा, नंतर बेळगावला गेला. त्या वहीपाशी मला माझा भाऊ भेटला. तो किती बारकाईनं विचार करतो, एखादा खिळा कुठं घासेल हे डोळे मिटून कसं बघतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. एकदा मी विचारलं, की अण्णा, ही चालवायची कुणावर?

“अजून कुणावर न्हाय,” तो म्हणाला. “आधी नीट बनू दे.”

तो हे अगदी कामातल्या माणसासारखं म्हणाला. मला मात्र ते वेगळं ऐकू आलं.

एका रविवारी मेस्त्री आले. पांढरी टोपी, हातात केळ्यांची फणी. आई वखारीतून आलेली होती. ती त्यांना बघून चुलीकडं गेली आणि बाहेर आलीच नाही. अण्णानं त्यांना बसायला सांगितलं. दोघं बराच वेळ हंगामाबद्दल, एसटीबद्दल बोलले. मग मेस्त्रींची नजर उघड्या वहीवर पडली. ती त्यांनी मांडीवर घेतली, चष्मा चढवला आणि मनगटपट्ट्याच्या पानावर बोट ठेवलं. हितला स्क्रू झटक्यानं तुटंल, म्हणाले, रिव्हेट पायजे. अण्णा पुढं सरकला. रिव्हेट मारलं तर पट्टा वळणार नाही, म्हणाला. मग बिजागरी घाल, ते म्हणाले. मी चहा घेऊन उभी होते आणि दोन डोकी एका पानावर वाकलेली होती, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

चहा पिऊन झाल्यावर अण्णानं विचारलं. आवाज चढवला नाही.

“मेस्त्री, गार्ड कुणी काढला?”

मेस्त्रींनी कप खाली ठेवला. “मी काढला,” ते म्हणाले. “पर हे मी हितं सांगितलं, दिनू. थितं मालकाम्होरं न्हाय सांगता येत.”

मेस्त्री उठले. दारात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला तंगी म्हणाले. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मी डोकं मागं घेतलं.

ते गेल्यावर अण्णा काम करायला बसला. त्या संध्याकाळी त्यानं क्रमांक चार काढलं. एक कान. डॉक्टर छातीला लावतात तसली वाटी, बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवलेली. समोरच्या माणसाच्या छातीचे ठोके ती ऐकते. माणूस खोटं बोलला की ठोका चुकतो आणि दिवा लागतो. दिवा लागल्याशिवाय वीज सुटत नाही. अण्णानं ते शांतपणे सांगितलं. मला वाटतं त्याला खरंच तेवढंच हवं होतं, एक दिवा.

मी वर्णन लिहिलं. खाली जागा उरली होती. तिथं मी आपणहून आणखी एक ओळ लिहिली. लक्ष्य: यल्लाप्पा मेस्त्री, पिरनवाडी. पहिली गोळी याला.

अण्णानं ती वाचली. माझ्याकडं बघितलं. “खोड ते,” म्हणाला.

उद्या खोडते, असं मी म्हणाले. शाईनं लिहिलंय, नीट खोडायला हवं, पान खराब होईल, असंही म्हणाले. उद्या आला आणि गेला. मला ती ओळ तिथं असायला हवी होती. वही उघडली की मी आधी तीच वाचायची, आणि छातीत एक गरम समाधान पसरायचं. अण्णाची बोटं गेली होती. माझी जाग्यावर होती, आणि त्या बोटांनी एवढं तरी केलं होतं, असं काहीसं मला वाटत होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. खोडलं असेल असं तो धरून चालला असावा.

पुढल्या आठवड्यात मेस्त्री पुन्हा आले. मी कॉलेजात होते, म्हणून मला जे कळलं ते अण्णाच्या तोंडून. त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. मनगटपट्टा. अॅल्युमिनियमची पट्टी, आतून कातडं, बिजागरीसकट. बंदूक जोडायच्या जागी त्यांनी एक चिमटा बसवला होता, त्यात चमचा धरता येत होता, हातोडी धरता येत होती. मालकाच्या नजरेआड, जेवणाच्या सुटीत, तीन दिवस खपून केला होता. अण्णाच्या हातावर तो आपण होऊन बसला. एकदाही घासावा लागला नाही. मी घरी आले तेव्हा अण्णा पट्ट्यात चमचा अडकवून वरण खात होता आणि आई समोर बसून डोळे पुसत होती.

मग तो म्हणाला, की मेस्त्री वही घेऊन गेलेत. कोपराच्या मापावरून आणखी एक पट्टा करतो म्हणाले. दोन दिवसांत परत देतील.

माझ्या हातातली पुस्तकं मी खाली ठेवली. ती ओळ अजून वहीत आहे हे सांगितलं नाही. अण्णाचं तोंड इतकं आनंदलेलं होतं.

दोन दिवस गेले, चार गेले. वही आली नाही. मी रोज मनातल्या मनात समजूत घालायची, की मेस्त्री चित्रंच बघतील, वाचायला थोडेच बसणार. चौकशीची तारीख जवळ येत होती. कारखान्याच्या नोंदीत आपल्या नावापुढं लिहिलेला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द पुसला जावा म्हणून अण्णानं कामगार कचेरीत अर्ज केला होता. भरपाईची गोष्ट त्यात होतीच, पण अण्णाच्या तोंडी सतत तो शब्द असायचा. मी निष्काळजी न्हवतो, एवढं एकदा कागदावर येऊ दे, म्हणायचा.

बेळगावातली ती खोली मला काल पाहिल्यासारखी आठवते. हिरवं टेबल, मागं फायलींची कपाटं, वर फिरणारा पंखा आणि त्या वाऱ्यानं फडफडणारं भिंतीवरचं कॅलेंडर. साहेब मध्यमवयीन, थकलेले, कानडीत बोलणारे. एका बाजूला कारखान्याचे मालक आणि त्यांचे वकील, त्यांच्यामागं मेस्त्री. दुसऱ्या बाजूला अण्णा आणि मी. अण्णानं धुतलेला सदरा घातला होता आणि मेस्त्रींनी केलेला पट्टा.

वकिलांनी पिशवीतून वही काढली.

त्यांनी साहेबांना बंदुकीची चित्रं दाखवली. हा कामगार किती भरकटलेल्या डोक्याचा आहे, मशीनवर त्याचं लक्ष कुठं असेल, असं ते सांगत होते. मग चौथं जोडसाधन उघडलं आणि माझी ओळ मोठ्यानं वाचली. कारकुनानं नोंदीसाठी तिचं कानडी केलं. ‘लक्ष्य’ला तो ‘गुरी’ म्हणाला. माझ्या रागाचे ते सहा-सात शब्द दुसऱ्या भाषेत गेले आणि तिथं त्यांच्यात ना अण्णाची दुपार उरली, ना खिडकीतलं ऊन. एक माणूस दुसऱ्याला मारणार आहे, एवढंच उरलं. ही उघड धमकी आहे, पोलिसांकडं द्यायला हवी, असं वकील म्हणाले.

साहेबांनी अण्णाला विचारलं, हे कुणी लिहिलं?

“मीच,” अण्णा म्हणाला. “डाव्या हातानं.”

साहेबांनी वहीतलं अक्षर पाहिलं. गोल, सरळ रेषेत बसलेलं, वेलांट्या एका मापाच्या. त्यांनी अण्णाचा डावा हात पाहिला. मग त्यांची नजर माझ्यापर्यंत आली आणि थांबली. त्या क्षणी मला फक्त उभं राहायचं होतं. बी.एड.चा प्रवेश, शाळेतली नोकरी, गल्लीतल्या सगळ्यांनी मला मॅडम म्हणण्याचा दिवस, हे सगळं माझ्या गुडघ्यांवर येऊन बसलं. पोलीस हा शब्द अजून खोलीत होता. मी मांडीवरच्या रुमालाकडं बघत राहिले.

साहेबांनी मेस्त्रींना विचारलं, हे याचंच अक्षर आहे का? मेस्त्रींनी वही हातात घेतली, बघितली आणि व्हय म्हणाले.

त्या खोलीत तो कान खरोखरच असता तर त्याचा दिवा तीनदा लागला असता, तिसऱ्यांदा माझ्या गप्प बसण्यावर.

निकाल आमच्याविरुद्ध गेला. निष्काळजीपणा हा शब्द कायम राहिला आणि त्याच्या शेजारी आणखी एक वाक्य आलं, धमकीचं. पोलिसांत कुणी गेलं नाही; मालकांना तेवढी गरज उरली नव्हती. नोकरी गेली. वही परत मिळाली नाही. परतीच्या एसटीत अण्णा खिडकीशी बसला होता. हत्तरगी मागं पडली, संकेश्वर मागं पडलं. निपाणी जवळ आली तसा तंबाखूचा वास आत शिरू लागला. मी रडायला लागेन आणि सगळं सांगेन असं मला वाटत होतं, पण सांगायचं होतं काय? त्याला सगळं ठाऊकच होतं. स्टँड दिसू लागलं तेव्हा तो माझ्याकडं वळला.

“परीक्षा कवा हाय तुजी?” त्यानं विचारलं.

मी पहिल्या वर्गात पास झाले. बी.एड. झालं, बेळगावात शाळा मिळाली, लग्न झालं. अण्णा बेळगावपलीकडं, जंगलातल्या गुंजीला गेला. तिथं स्टेशनाजवळ लाकडाच्या वखारीत त्याला राखणदाराचं काम मिळालं. पट्टा तो रोज वापरायचा. ज्या माणसानं त्याच्यावर खोटी साक्ष दिली, त्याच माणसानं केलेल्या पट्ट्यात चमचा घालून तो जेवायचा, आणि कातडं झिजलं की स्वतः बदलायचा. मी कधीमधी जायची, चिवडा-लाडू घेऊन. आम्ही सागाच्या ओंडक्यांवर बसायचो, पाऊस असला तर शेडखाली. तो मला शाळेतलं विचारायचा. वहीचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. मीही नाही. कित्येकदा मी मनात वाक्य जुळवून जायची आणि लाडूचा डबा ठेवून परत यायची. गाडी हलली की तो पट्ट्याचा हात वर करायचा.

सहा वर्षांनी पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. तिथल्या डॉक्टरनं साधा ताप म्हणून चार दिवस काढले. मला निरोप मिळून मी पोचले तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तो मला ओळखत नव्हता. तो आईशी बोलत होता, आई तिथं नसताना. तो गेला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि बाहेर मालगाडीचं शंटिंग चाललं होतं.

निपाणीला अण्णाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना संपली, माणसं पांगली, तेव्हा मंडपाच्या खांबाशी मेस्त्री बसलेले मला दिसले. म्हातारे झाले होते. टोपी मांडीवर घेऊन बसले होते. आई त्यांना बघून आत निघून गेली. मी गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. माझ्या तोंडून निघून गेलं, की ती ओळ मी लिहिली होती.

“ठावं हुतं,” ते म्हणाले. “त्याच्या हातची कामाची चिट्ठी मी रोज बगायचो. त्याचं अक्षर न्हवतं ते.”

मग व्हय का म्हणालात, असं मी विचारलं. तुझं नाव कुठं घ्यायचं म्हणून, असं ते म्हणाले. मग जमिनीकडं बघत बाकीचं सांगितलं. पट्टा द्यायला ते आले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं होतं, की या चौकशीत खरं काय ते सांगून टाकतो, नोकरी गेली तर गेली. वही त्यांनी खरोखरच मापासाठी नेली होती. पिरनवाडीत घरी बसून पानं उलटली, आणि चौथ्या जोडसाधनाखाली आपलं नाव वाचलं.

“हातपाय गळाले माजे,” ते म्हणाले. “पोरं ल्हान हुती. मालकाला जाऊन दावली वही.”

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि खांबाला धरून उठले. मला तंगी म्हणाले नाहीत.

मी बेळगावला परतले. पंधरा दिवस शाळेत फळ्यावर लिहिताना हात मध्येच थांबायचा. शेवटी एका शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर, मी त्या कचेरीत गेले. टेबल आता वेगळं होतं, साहेब वेगळे. तरण्या कारकुनानं माझं ऐकून घेतलं. इतके जुने कागद आता ठेवत नाहीत, मॅडम, असं तो नम्रपणे म्हणाला. मग कामगार हयात आहेत का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. मग आता तुम्हाला काय पाहिजे, त्यानं विचारलं. मी सांगितलं, की ती ओळ मी लिहिली होती एवढी कुठंतरी नोंद करून घ्या. तशी वही आमच्याकडं नाही, तो म्हणाला. मी बाकावर बसून साध्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या. त्यानं दोनदा वाचल्या, शिक्का मारला, आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

त्याच रविवारी मी निपाणीला गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती तोवर वखारीतून सुटली होती. खोकला तेवढा राहिला होता. चुलीपुढं बसून ती ऐकत होती. ओळ, वही, खोली, मेस्त्रींनी सांगितलेलं सगळं. इतकी वर्षं ती यल्लाप्पा मेस्त्रींचं नाव निघालं की उठून जायची. माझं बोलणं संपल्यावर तिनं जाळ मागं ओढला.

“तवा का न्हाय उठलीस?” तिनं विचारलं.

भ्याले, म्हणाले.

तिनं मान हलवली, म्हणजे कळलं अशी. रागावली नाही, रडलीही नाही. भाकरी झाल्या होत्या, भाकरीबरोबरचं कोरड्यास झालं होतं. तिनं आपलं ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसली. माझं ताट फळीवर होतं. थोडा वेळ वाट बघून मी ते काढलं आणि माझं मी वाढून घेतलं.

त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. शेवटची चार वर्षं माझ्याचकडं होती. माझ्या मुलांना तिनं न्हाऊ घातलं, गोष्टी सांगितल्या, मी शाळेतून दमून आले की माझे पायसुद्धा दाबून दिले. पण माझं ताट तिनं पुन्हा कधी वाढलं नाही.